गिरडच्या तळ्याकाठी, तळहातावर एक खडा

बसा.

तळ्याच्या काठी जिथे जागा मिळेल तिथे बसा. मांडी घालता येत नसेल तर पाय सोडून बसा. पाठ टेकायला झाड मिळालं तर उत्तम.

परतीची एसटी यायला अजून वेळ आहे. फोन पिशवीत ठेवा. पिशवी बाजूला ठेवा.

हात मांडीवर. तळवे वर. बोटं सैल.

हे गिरड. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं एक लहानसं गाव. जाम चौरस्ता सोडला, समुद्रपूर मागे पडलं, की दोन्ही अंगांना पऱ्हाटी लागते, तूर लागते. मग त्या सपाट रानातून एक टेकडी वर येते. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. टेकडीला लागून हे तळं आहे.

एवढं कळलं, पुरे झालं. बाकीचं हळूहळू कळेल.

इथे थांबू या.

पाण्याकडे पाहा.

कार्तिकातली सकाळ आहे. पाऊस जाऊन फार दिवस झालेले नाहीत. वारा अजून सुटलेला नाही. टेकडी पाण्यात उलटी उतरली आहे आणि तिच्या कडा किंचित हलताहेत.

आता नजर जवळ आणा. अगदी काठाशी.

इथे पाणी वीतभर खोल आहे. तळचा चिखल दिसतो. पाण्यावर आलेल्या गुरांच्या खुरांचे ठसे चिखलात दिसतात. प्रत्येक ठशात थोडी सावली साचली आहे.

एक पाणकिडा वरून सरकतो. थांबतो. पुन्हा सरकतो. त्याच्या पायांखाली पाणी दबतं, फाटत नाही.

त्याच्याकडे पाहत राहा.

तो निघून गेला, तर तो जिथे होता त्या जागेकडे पाहत राहा.

ऐका.

लांब कुठेतरी टिटवी ओरडते. गावात कुणीतरी बादली दगडावर ठेवतं, आणि तो आवाज पाण्यावरून सरळ तुमच्यापर्यंत येतो. टेकडीकडून बोलण्याची कुजबुज येते. शब्द कळत नाहीत. कळायची गरजही नाही.

आवाज येऊ द्या. आवाज जाऊ द्या.

आता श्वासाकडे या.

तो घ्यावा लागत नाही, तो चाललेलाच आहे. नाकपुड्यांशी गार वाटतो, बाहेर जाताना कोमट वाटतो. तेवढं जाणवू द्या.

श्वास बाहेर गेला. पुढचा अजून आत आलेला नाही. मध्ये थोडी रिकामी जागा आहे.

ती पाहा.

घाईघाईनं पुढचा श्वास ओढू नका. तो आपणहून येईल. ती लहानशी रिकामी जागा येते, आणि जाते. पुन्हा येते.

आज आपण एवढ्यासाठीच आलो आहोत. रिकाम्या जागेपाशी बसायला.

इथे थांबू या.

पुन्हा पाणी पाहा.

तळं म्हणजे आधी एक खळगा. जमिनीची सखल जागा. मृगापासून आभाळ उतरत राहतं, टेकडीवरून ओहळ सुटतात, मुरमातून झिरपत झिरपत पाणी खाली येतं. खळगा कुणाला बोलवायला जात नाही. तो सखल आहे, आणि सखल राहतो. पाणी त्याच्याकडे येतं.

उन्हाळ्यात तो पुन्हा उघडा पडतो. चिखल वाळतो, भेगा पडतात. तेव्हाही तो तसाच सखल असतो, पुढच्या पावसासाठी.

खळग्याचं हे सखल राहणं मनात धरा.

छातीत कुठे काही ताठ झालंय का, पाहा. खांद्यांत? कपाळात? जबड्यात?

तिथे थोडं सखल होऊ द्या.

आता नजर पाण्यावरून जमिनीवर आणा. तुमच्या पायांशी.

टेकडीच्या या मातीत खडे आहेत. गोल, लांबट, चपटे. काही पांढुरके, काही राखी, काहींवर हिरवट झाक. काही बोराएवढे, काही त्याहून बरेच मोठे.

एक उचला. निवडत बसू नका. हाताशी येईल तो.

तळहातावर ठेवा.

वजन जाणवू द्या. वरची बाजू उन्हानं कोमट आहे. मातीला टेकलेली बाजू अजून गार आहे. अंगठा फिरवा. कुठे गुळगुळीत लागेल, कुठे खरबरीत. एका बाजूला बारीकशी खाच आहे, तिच्यात तांबूस माती बसली आहे. नखानं ती काढू नका. असू द्या.

मूठ मिटा. उघडा.

खडा तसाच आहे.

इथे थांबू या.

या खड्यांची एक गोष्ट आहे. गिरडला येणारं प्रत्येक मूल ती ऐकतं. आपणही ऐकू या, डोळे मिटून.

एक फकीर आहे. तीस वर्षं हिंडला आहे. हिंडत हिंडत तो या टेकडीवर येतो, आणि इथेच थांबतो. जुनी गॅझेटियर हे साल १२४४ च्या सुमाराचं सांगतात.

टेकडीखालून दोन बंजारे व्यापारी चालले आहेत. बैलांच्या पाठीवर गोण्या आहेत. गोण्या भरलेल्या आहेत. कुणी म्हणतं नारळांनी, कुणी म्हणतं सुपारीनं, कुणी म्हणतं जायफळांनी. ज्याला खडा जसा दिसतो तसं तो सांगतो.

बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐका. सावकाश येताहेत.

वाटेत फकीर दिसतो. अंगावर धड कापड नाही, जवळ काही नाही. भरल्या गोण्यांचे धनी त्याला पाहतात आणि त्याची थट्टा करतात.

एवढंच होतं.

आणि गोण्यांतला सगळा माल दगड होतो.

इथे थांबू या. गोष्ट पुढे आहे, पण इथे थोडं थांबू या.

हातातला खडा जाणवू द्या. माल होता, दगड झाला. माणसाच्या आतही असं होतं. समोर कुणी रिकाम्या हातानं उभं असतं, आपल्याला आपल्या भरल्या गोण्या आठवतात, आणि आपण हसतो. त्या क्षणी आत काहीतरी घट्ट होतं.

असा एखादा क्षण आठवत असेल तर येऊ द्या. त्याच्याशी भांडू नका. त्याला सजा देऊ नका. खडा हातात आहे तसा तोही असू द्या.

श्वास बाहेर जाऊ द्या.

रिकामी जागा.

श्वास आत येऊ द्या.

पुढे काय होतं? ते दोघं टेकडी चढतात. फकिरासमोर बसतात. क्षमा मागतात.

फकीर सुकी पानं उचलतो. टेकडीवर पडलेलीच असतात ती, पायाखाली चुरचुरणारी. त्या पानांचा तो पुन्हा माल करतो. गोण्या पुन्हा भरतात.

आता ते जाऊ शकतात. बैल तयार आहेत. बाजार वाट पाहतो आहे.

ते जात नाहीत.

ते टेकडीवरच राहतात. मरेपर्यंत फकिराच्या सेवेत राहतात.

गोण्या भरल्या, आणि तरी ते राहिले. या ठिकाणी बसा. कारण शोधू नका. गोण्यांकडे पाठ करून टेकडीवर बसलेली ती दोन माणसं फक्त पाहा.

डोळे उघडा.

पाणी आहे. टेकडी आहे. खडा आहे.

खड्याची आणखी एक गोष्ट आहे. ती जमीन सांगते. तीही तितक्याच सावकाश ऐकू या.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे टेकडी नव्हती. जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर येत होता, पसरत होता, थिजत होता. एका थरावर दुसरा थर, दुसऱ्यावर तिसरा. आज ज्याला आपण दख्खनचा काळा पत्थर म्हणतो, तो हाच. अजूनही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. त्याची पूर्वेकडची कड इथून फार लांब नाही. उमरेडकडे गेलं की कोळशाच्या खाणी लागतात. ती जमीन वेगळी, तिचं वय वेगळं.

तो रस खदखदत होता. त्यात वायू होता. वायूचे बुडबुडे वर जायला निघाले होते.

वाटेत रस थिजला.

बुडबुडे अडकले. वायू निघून गेला, जागा राहिली. पत्थरात अशा असंख्य पोकळ्या राहिल्या. गोल, लांबट, चपट्या.

पाहा. अजून खडा झालेला नाही. अजून फक्त पोकळी आहे. अंधार आहे. आत काहीही नाही.

तिच्यापाशी बसा.

मग पाणी येतं. पत्थराच्या बारीक फटींतून, ऊन ऊन पाणी. येताना ते पत्थरातलं थोडं थोडं विरघळवून आणतं. पोकळीच्या भिंतीवर त्याचा एक पातळ थर बसतो. मग दुसरा. कधी गारगोटीच्या जातीचा, कधी झिओलाइट नावाच्या खनिजाचा. स्फटिक उमलतात, भिंतीपासून आत, मध्याकडे.

किती वेळ लागला, ते आपल्या मोजण्यातलं नाही.

पोकळी भरते.

मग वर ऊन, पाऊस, थंडी. भोवतीचा काळा पत्थर झिजतो. त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते, त्या मातीत पऱ्हाटी उगवते. आणि पोकळीत जे हळूहळू भरलं होतं ते झिजायला तयार नसतं. ते सुटं होतं. घरंगळत येतं. टेकडीच्या उतारावर पडून राहतं.

आज सकाळी ते तुमच्या हाताला लागलं.

तळहाताकडे पाहा.

जिथे काहीच नव्हतं, ती जागा तुमच्या हातात आहे. सगळा पत्थर गेला, रिकाम्या जागेनं जे सांभाळलं ते उरलं.

इथे थांबू या.

एक श्वास.

आणखी एक.

झिओलाइटबद्दल एक गोष्ट सांगतो, मग पुन्हा गप्प होऊ या.

१७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडनच्या खनिजशास्त्रज्ञानं असा एक दगड आगीवर धरला. दगड फसफसला. त्यातून वाफ निघाली. कोरडा दिसणारा दगड, आणि आत पाणी. स्फटिकांच्या रचनेतच बारीक बारीक मोकळ्या वाटा असतात, आणि त्या वाटांत पाणी राहतं. ताप मिळाला की ते बाहेर पडतं. गारव्यात, ओलाव्यात पुन्हा आत जातं.

भरलेल्या पोकळीतही मोकळ्या वाटा आहेत.

खडा कानाशी न्या.

काही ऐकू येणार नाही. तरी थोडा वेळ धरून ठेवा. त्या वाटांची आठवण ठेवून ऐका.

आता उठू या. सावकाश. गुडघ्यांना वेळ द्या. खडा मुठीत असू द्या.

टेकडी चढू या.

एक पाऊल. मुरूम पायाखाली करकरतो. दुसरं पाऊल. उताराला सीताफळीची झुडपं आहेत, पानं पिवळी पडू लागली आहेत. आपल्या पुढे एक आजी चढते आहे. लुगड्याचा पदर खोचलेला, एका हातात नातवाचं बोट, दुसऱ्या हातात नारळ. ती तीन पावलं चढते आणि थांबते. तीन पावलं चढते आणि थांबते.

तिच्या मागून चला. तिच्या चालीनं.

नातू वाकतो, खडा उचलतो.

“आजी, हे खरंच नारळ होते काय?”

“होते नं, बापू.”

तो खड्याकडे पाहतो. आजीच्या हातातल्या नारळाकडे पाहतो. पुन्हा खड्याकडे पाहतो.

त्याचं ते पाहणं पाहा.

वर आलो. चपला काढा. फरशी गार आहे. तळपायांना ती कळू द्या.

लोबानाचा वास येतो. गुलाबाचा येतो. आत लोक आहेत. हिंदू आहेत, मुसलमान आहेत. कपाळावर कुंकू आहे, डोक्यावर टोपी आहे, रुमाल आहे, पदर आहे. उंबऱ्याशी वाकताना सगळ्या पाठी सारख्याच वाकतात.

आजी उंबऱ्यावर डोकं टेकते. तिचे ओठ हलतात.

“बाबा, ध्यान ठेवजो.”

एवढंच म्हणते. कशावर, ते सांगत नाही. मग दोन्ही हात जुळवते, पण पूर्ण मिटत नाही. ओंजळ राहते. तळवे कामानं राठ झालेत, बोटांच्या पेरांत पऱ्हाटीचे काळपट डाग आहेत. ओंजळीत काही नाही.

त्या ओंजळीजवळ थांबा.

इथे येणारा प्रत्येक जण काहीतरी उणं घेऊन येतो. कुणाचं लेकरू आजारी आहे. कुणाचं पीक गेलं आहे. कुणाचं माणूस घरी परतलेलं नाही. कुणाला नेमकं काय उणं आहे तेही कळलेलं नाही. सगळे ते उणं ओंजळीत घेऊन उभे राहतात. झाकत नाहीत.

उणं झाकायचं नाही, समोर धरायचं. एवढं तरी या टेकडीवर शिकायला मिळतं.

याच जिल्ह्यात आणखी एक मोकळी जागा आहे. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी सेवाग्रामला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. तिथल्या आश्रमात प्रार्थनेची जागा आजही आहे. वर छप्पर नाही. समोर मूर्ती नाही. जमीन आहे, झाड आहे, आभाळ आहे. लोक येतात आणि त्या मोकळ्या जागेत बसतात.

इथे ओंजळ आहे, तिथे अंगण आहे. खाली तळं आहे. मुठीत खडा आहे.

आता तुमची पाळी.

दर्ग्याच्या बाजूला सावलीत बसू या. मूठ उघडा. खडा तळहातावर. डोळे मिटा किंवा अर्धे मिटा.

स्वतःला एकदाच विचारा, माझ्या आत कुठली जागा रिकामी आहे?

उत्तर काढू नका. जे येईल ते येऊ द्या.

कदाचित एखादं माणूस येईल. त्याची खुर्ची. त्याची हाक मारायची लकब. कदाचित न बोललेलं एक वाक्य येईल. कदाचित एखादं काम, जे व्हायला हवं होतं. कदाचित काहीच येणार नाही, नुसता एक खालीपणा येईल, छातीच्या मध्ये.

येऊ द्या.

ती भरायची इच्छा होईल. ती होतेच. काहीतरी करावं, कुणाला फोन लावावा, उठावं, चहा घ्यावा. इच्छेला म्हणा, थोडं थांब.

रिकाम्या जागेच्या काठाशी बसा. सकाळी तळ्याच्या काठी बसलात तसं.

एक श्वास. ती जागा आहे.

एक श्वास. मी तिच्याजवळ आहे.

एक श्वास. घाई नाही.

आत पाणी येतं, तेव्हा कळत नाही. थर बसतो, तेव्हा दिसत नाही. ज्या पोकळीनं हा खडा दिला, तिनंही अंधारात काही पाहिलं नाही. ती फक्त बुजली नाही.

आणखी थोडा वेळ. 

तळहात जाणवू द्या. खडा आता तुमच्या अंगाइतकाच कोमट झाला आहे. कुठे हात संपतो आणि कुठे खडा सुरू होतो, ते चटकन कळत नाही.

डोळे उघडा.

दुपार चढली आहे. वारा सुटला आहे. वरून तळं दिसतं, आणि पाण्यावर आता बारीक लाटा आहेत. टेकडीचं प्रतिबिंब नाही. पाणी मात्र आहे.

उतरताना खडा जमिनीवर ठेवून द्या. जिथला तिथे ठेवायला हवा असं नाही, टेकडीवर कुठेही चालेल. घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवायची गरज नाही. तो ज्या उतारावर घरंगळत आला, तिथे त्याला आणखी खूप काळ राहायचं आहे. पुढच्या एखाद्या नातवाला तो सापडू दे.

ठेवलात? हात एकदा पाहा. थोडी तांबूस माती लागली आहे. ती लगेच झटकू नका.

आता गावात उतरा. चहा घ्या. एसटी येईल.

एक काम मात्र सोबत न्या. आज घरी पोचेपर्यंत कुणीतरी तुम्हाला काही विचारेल. एसटीत शेजारी बसलेलं कुणी विचारेल, कुठून आलात. रस्त्यात कुणी पाण्याचा घोट मागेल. घरी कुणी असा प्रश्न विचारेल, जो त्यानं आधीही विचारला आहे.

तेव्हा लगेच बोलू नका. एक श्वास बाहेर जाऊ द्या. त्या माणसाला तुमच्यासमोर थोडी मोकळी जागा द्या. त्याच्याकडे नीट पाहा. त्याच्या ओंजळीत काय उणं आहे ते दिसतं का, पाहा. मग उत्तर द्या.

गोण्या घेऊन चाललेल्या त्या दोघांचं एवढंच राहून गेलं होतं. पुढे उरलेलं आयुष्य टेकडीवर राहून ते तेवढंच शिकले. आपल्याला ते आज संध्याकाळीच करून पाहता येईल, पहिला माणूस भेटेल त्याच्यापासून.